दिवसाचा उच्चांक

सात माणसं, सात पेले आणि सातही मनगटं लाल. सुलभा तोडकरनं हातातल्या टॅबवरचे आकडे पाहिले, समोर मांडी घालून बसलेल्या माणसांकडे पाहिलं आणि तिचं डोकं ठणकायला लागलं.

कवठेपूर नगर परिषदेत ती समुदाय संघटक होती. बचत गटांचे मेळावे, फेरीवाल्यांची ओळखपत्रं, ज्या कामाला दुसरा कुणी धनी नसे ते काम फिरून फिरून तिच्या टेबलावर येऊन पडायचं. त्याच न्यायानं व्यसनमुक्ती केंद्राची देखरेखही तिच्याच गळ्यात पडली होती. केंद्र भरायचं गावाबाहेरच्या जुन्या जकात नाक्यात. जकात कधीच बंद झाली होती, पण इमारत उभी होती, ती बापू हेगिष्ट्यांनी मागून घेतली. बापू मूळचे शिंपी. बारा वर्षं त्यांनी मनसोक्त दारू प्यायली आणि गेली एकोणीस वर्षं थेंबाला शिवले नव्हते.

बापूंची रीत जगावेगळी होती. नाक्यावर दाखल होणाऱ्यानं घरून एकच वस्तू आणायची, ज्या पेल्यातून तो पीत आला तो पेला. रोज संध्याकाळी सहाला तो रिकामा पेला पुढ्यात ठेवून बसायचं. बापू एकेकाला तीनच प्रश्न विचारायचे. हा पेला कुणाचा? शेवटचा कधी भरला? आत्ता भरला तर पुढं काय? उत्तर देताना नजर पेल्यावरून हलवायची नाही. कुणाला घाम फुटायचा, कुणी रडायचा, कुणी शिव्या घालायचा. वीस-पंचवीस मिनिटांनी सगळे शांत होऊन उठायचे, पेले फळीवर ठेवायचे आणि घरी जायचे.

"बापू, सगळे लाल झालेत," सुलभा म्हणाली.

"व्हणारच की मॅडम. पेला म्होरं हाय. आत्ता लाल न्हाई व्हायचं तर कवा?"

"दोन दिवस झाले गोंदण बसवून. हा दुसरा लाल. तिसरा झाला की नियमानं जिल्ह्याच्या केंद्रात पाठवावं लागतंय."

"मग तुमचा नियम बसवा की म्होरं. त्येला बी तीन प्रश्न इचारतो."

दोघे-तिघे हसले. चौथ्या जागेवरचा माणूस हसला नाही. त्यानं आपला स्टीलचा पेला दोन्ही हातांत धरला होता, तळवा त्याच्या एका बाजूवर घट्ट दाबून. टॅबवर त्याचं नाव होतं लाभार्थी क्रमांक चार. घरी त्याचं नाव रंगा होतं आणि तो सुलभाचा धाकटा भाऊ होता. पाण्याच्या मोटारींचं रिवायंडिंग करण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. काम चालू होतं तोवर ठीक होतं. मग हात कापायला लागले. बायको लेकीला घेऊन माहेरी गेली. सात महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सुलभाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की यकृत जेवढं उरलंय तेवढंच आहे, आता एकदा पुन्हा सुरू झाली तर दवाखान्यात आणायचे कष्ट घेऊ नका. तेव्हापासून रंगा नाक्यावर येत होता आणि तेव्हापासून त्यानं घेतली नव्हती. सात महिने. सुलभा ते मनातल्या मनात रोज मोजायची.

आता या गोंदणाविषयी सांगायला हवं, कारण सगळी भानगड त्याचीच आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी लागते तिथं, बायका पूर्वी गोंदवून घ्यायच्या तसे नऊ ठिपके. फरक इतकाच की हे ठिपके म्हणजे शाई नव्हती. प्रत्येक ठिपक्यात केसाहून बारीक पोकळ सुया होत्या, त्वचेखालच्या पाण्याचा अंश सतत चाखत बसलेल्या. माणूस आतून तळमळायला लागला की त्या पाण्यात ताणाचं संप्रेरक वाढतं, साखर हिंदकळते, नाडीची लय बदलते, कातडीला ओल येते. हे प्रत्येक लक्षण एकेकटं काहीच सांगत नाही. परीक्षेच्या दिवशी पोराचंही तसंच होतं. पण हजारो व्यसनी माणसांच्या नोंदी यंत्राला शिकवल्यावर त्याला एक विशिष्ट मेळ ओळखता येऊ लागला. दारूची ओढ लागलेल्या माणसाच्या अंगात ही चारी लक्षणं एका ठरलेल्या क्रमानं येतात. मग यंत्र शून्य ते शंभरमध्ये एक आकडा देतं. सत्तरच्या पुढे ठिपके लाल, खाली हिरवे. बॅटरी लागत नाही, अंगाची ऊब पुरते. रक्तात दारू आहे का, हे गोंदण बघतच नाही. कंपनीचं म्हणणं, आग विझवण्यापेक्षा धूर ओळखावा. माणूस प्यायच्या दीड दिवस आधी कळलं तर त्याला उचलून सुरक्षित जागी नेता येतं.

म्हणणं खोटं नव्हतं. यंत्रही खोटं नव्हतं. घोडं पेंड खात होतं ते निराळ्याच जागी.

ते सुलभाला दुसऱ्या दिवशी नगर परिषदेत कळलं. मुख्याधिकारी अन्वय देशपांडे तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, हुशार, सभ्य आणि कायम घाईत. तिनं त्यांच्यापुढे रंगाचा आलेख ठेवला.

"साहेब, हे बघा. सहाला पेला समोर आला, आकडा चढला, सव्वासहाला एक्क्याण्णव. आणि साडेसहाला अडतीस. काल एक्क्याण्णव होता, पहिल्या दिवशी सत्त्याण्णव. ओढ चढते आणि आपली आपण उतरते. रोज थोडी कमी चढते. बापू त्यांना तेच शिकवतायत. ते म्हणतात, दूध वर येतंय म्हणून कुणी ओतून देतं का?"

देशपांडेंनी आलेख नीट पाहिला. "इंटरेस्टिंग आहे. पण मॅडम, अहवालात काय जातं? दिवसाचा उच्चांक."

"तेच म्हणते मी. उच्चांकाशेजारी अजून एक रकाना द्या. शेवटी आकडा किती होता, तो."

"तक्ता आपला नाही. सगळ्या नगर परिषदांना एकच आहे."

"केला कुणी हा तक्ता?"

ते जरा ओशाळले. मग त्यांनी सांगितलं. कार्यक्रम घाईत सुरू झाला, तक्ता तयार नव्हता, म्हणून पाणीपुरवठ्याचा होता तोच घेतला. पाण्याच्या टाकीतही संवेदक असतो. टाकी ओसंडू नये म्हणून दिवसाची सर्वांत वरची पातळी तेवढी नोंदवतात. टाकी क्रमांकाच्या जागी लाभार्थी क्रमांक घातला, पातळीच्या जागी ओढ.

म्हणजे सुलभाचा भाऊ टाकी होता. ओसंडायच्या आत व्हॉल्व्ह बंद करायचा.

"बदलाचा प्रस्ताव पाठवा," देशपांडे म्हणाले. "मी शिफारस करतो, खरंच. पण तोवर तिसरा लाल झाला तर माझ्या हातात काही नाही. यंत्रणा आपोआप गाडी बोलावते. आणि खरं सांगू का? साध्या नजरेनं बघा. केंद्रात सहा ते साडेसहा जे काही चालतं, त्यानंच लोक लाल होतात. ते थांबवा, लाल थांबेल."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पण तिला जिल्ह्याचं केंद्र ठाऊक होतं. कुलूपबंद दारं, गोळ्या, नव्वद दिवस भिंतीकडे तोंड. तिथून सुटलेली माणसं एसटी स्टँडवर उतरली की पहिली कुठं वळतात, तेही ठाऊक होतं. रंगाचे दोन लाल झाले होते. संध्याकाळचे सहा वाजले की तिसरा. प्रस्ताव मंजूर होईपर्यंत किती महिने जातील हे देवालाही सांगता आलं नसतं.

तिनं आदेश टाइप केला. पेले समोर ठेवून बैठक घेण्यास मनाई. पेले जप्त करून नगर परिषदेच्या भांडारात जमा. खाली सही तिचीच. सही करताना तिनं स्वतःला बजावलं की हे रंगासाठी आहे. ते खरंच होतं, आणि म्हणूनच पुढं तिला स्वतःला माफ करणं इतकं जड गेलं.

पेले पोत्यात भरताना बापू मधे आले नाहीत. पोत्याच्या तोंडाला सील लागल्यावर फक्त म्हणाले, "कोंबडं झाकून तांबडं ऱ्हातं व्हय, मॅडम?"

तांबडं राहिलं की. त्या संध्याकाळपासून सातही मनगटं हिरवी झाली. सहाला माणसं यायची, बापू चहा द्यायचे, कुणीतरी पेपर वाचायचं, सातला उठायचे. आठवडा हिरवा गेला, दुसरा गेला. जिल्ह्याच्या बैठकीत कवठेपूरचा तक्ता पडद्यावर झळकला. शंभर टक्के. देशपांडेंनी सगळ्यांसमोर सुलभाचं नाव घेतलं. महिनाअखेरीस कार्यक्रम ठरला, सातही जणांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार.

प्रस्तावाचं काय झालं? तो तालुक्याहून जिल्ह्याला गेला, तिथून शेरा घेऊन परत आला. 'सध्याच्या तक्त्यात निकाल उत्तम असल्याने बदलाची आवश्यकता दिसून येत नाही.' सुलभानं तो कागद दोनदा वाचला आणि ड्रॉवर इतक्या जोरात लावला की शेजारच्या टेबलावरचा क्लार्क दचकला. कागदी घोडे नाचवायची तिला सवय होती, पण आपण नाचवलेलं घोडं आपल्यालाच लाथ मारून जाईल असं वाटलं नव्हतं.

रंगा मात्र बदलला होता. पूर्वी नाक्यावरून येताना तिच्याकडे डोकवायचा, भाजीला नावं ठेवायचा, तिच्या नवऱ्याशी क्रिकेटवरून भांडायचा. आता ताटात वाढलेलं खायचा आणि जायचा. तिनं विचारलं तर म्हणायचा, "बरंय की आक्का. हिरवा हाय." आणि मनगट दाखवायचा.

सत्तावीस तारखेला, दुपारी तीनच्या सुमारास ती सत्काराची पत्रिका द्यायला त्याच्या दुकानावर गेली. शटर अर्धं खाली होतं. ती वाकून आत शिरली. तांब्याच्या तारेच्या रिळांमागे, उघडलेल्या एका मोटारीशेजारी रंगा स्टुलावर बसला होता. पुढं क्वार्टर, हातात प्लॅस्टिकचा ग्लास. तो उठला नाही, लपवायलाही गेला नाही.

"एक झालाय," तो म्हणाला. "ह्यो दुसरा."

सुलभानं मोटारीचा आधार घेतला. तिची नजर त्याच्या मनगटावर गेली. नऊच्या नऊ ठिपके हिरवेगार. तिनं टॅब काढला. लाभार्थी क्रमांक चार, ओढ अकरा.

"अकरा," ती म्हणाली. "रंगा, हे कसं? हे बिघडलंय."

"न्हाई बिघडलं." त्याचा आवाज इतका शांत होता की तिला भीतीच वाटली. "आक्का, लाल कवा व्हायचं माहीत हाय? घेऊ का नगो, घेऊ का नगो, असं आत चाललेलं असतंय तवा. नाक्यावर पेला म्होरं असला की लई जोरात चालायचं ते. मग हळूहळू मीच जिंकायचो. रोज. पेला नेला तवापासनं कुणी इचारतच न्हाई. चार दिसांमागं ठरवून टाकलं की घ्यायची. ठरलं आन् गप झालं सगळं आतलं. भांडणच मिटलं म्हटल्यावर यंत्राला काय दिसणार?"

लाल म्हणजे झुंज चालू. हिरवं म्हणजे झुंज संपली, जिंकून किंवा हरून, आणि कुठली ते यंत्राला कळत नव्हतं. शंभर टक्के हिरवा महिना. पडद्यावर झळकलेला. त्यात उरलेल्या सहांपैकी कोण कशामुळे हिरवा होता, कुणाला ठाऊक? आणि या हिरव्याखाली सही तिची होती.

"ऊठ," ती म्हणाली.

"कुठं?"

"ऊठ म्हणते ना. तो ग्लास ठेव खाली."

तिनं त्याला स्कूटीवर मागे बसवलं आणि भर बाजारातून नगर परिषदेच्या भांडारावर नेलं. भांडारपाल चहाला गेला होता, किल्ली खिळ्याला होती. आत ब्लिचिंग पावडरची पोती, मोडक्या कचरापेट्या, गणेश विसर्जनाच्या कृत्रिम हौदाचे पत्रे. कोपऱ्यात तिचं पोतं. तिनं स्वतःच्या सहीचं सील स्वतःच्या दातांनी तोडलं.

"तुझा कुठला?"

रंगानं तोंड फिरवलं. तिनं एकेक पेला काढून उजेडात धरला. काच, काच, पितळ, पोचे आलेला ॲल्युमिनियम. मग स्टीलचा एक उभट पेला हाताला लागला. त्याच्या एका बाजूवर, भांड्यांच्या दुकानात कोरून देतात तशी, टिंबाटिंबांची अक्षरं होती. 'चि. श्रीरंग यांस लग्नानिमित्त. सौ. सुलभा.' सहा पेल्यांचा संच होता तो. तिनं बोनसमधून घेतला होता आणि दुकानदारापुढे उभी राहून अक्षरं कोरून घेतली होती, तो ओळ फार लांब होते म्हणत असतानाही.

आता तिला कळलं की तो पेल्यावर तळवा का दाबून धरायचा.

फरशीवरची धूळ तिनं पदरानं पुसली, पेला मधे ठेवला, अक्षरं त्याच्याकडे करून. त्याला समोर बसवलं आणि आपणही बसली.

"रंगा, हा पेला कुणाचा?"

"तुझा," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा पिळवटला. "आक्का, तुझा गं."

"शेवटचा कधी भरला?"

"आठ म्हैनं व्हत आलं. आज ह्यात न्हाई घेतली. ह्यात घेतली नसती."

"आत्ता भरला तर पुढं काय?"

त्याच्या कपाळावर घाम आला. मनगटावरचा एक ठिपका लाल झाला, मग दुसरा, मग सगळे. टॅब कोकलायला लागला. बहात्तर, अठ्ठ्याहत्तर, एक्क्याण्णव. तिसरा लाल. लगेच तिचा फोन वाजला.

"मॅडम, क्रमांक चार लाल झाला," देशपांडे म्हणाले. "गाडी सुटलीय जिल्ह्याहून. तुम्ही कुठं आहात?"

"भांडारात. सील तोडलंय मी. साहेब, त्यानं आज दारू घेतली."

"म्हणजे यंत्रानं बरोबर ओळखलं."

"नाही. घेतली तेव्हा आकडा अकरा होता. हिरवा. आत्ता तो घेत नाही, म्हणून लाल आहे."

"अकरा?"

"फोन ठेवू नका," ती म्हणाली. "वीस मिनिटं. आजवर तुमच्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नाही. नुसते लाइनवर थांबा."

कायम घाईत असलेला तो माणूस थांबला. फोन तिनं पेल्याशेजारी फरशीवर ठेवला. रंगा पेल्याकडे बघत बोलत होता, तुटक, लेकीबद्दल, हात कापायला लागले त्या पहिल्या दिवसाबद्दल, प्लॅस्टिकच्या ग्लासातल्या त्या घोटाबद्दल. मधेच त्यानं तिला एक सणसणीत शिवी घातली. तिनं ती घेतली.

"आता?" फोनमधून आवाज आला.

"एक्क्याऐंशी."

बरंच थांबून पुन्हा, "आता?"

"सत्तावन्न. हिरवा झाला."

रंगानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. आकडा बेचाळीसवर आला आणि तिथं टिकला. देशपांडे बोलले तेव्हा त्यांचा आवाज उतरलेला होता.

"मला कळलं, मॅडम. पण कळलेलं भरायला जागा नाही. तक्त्यात एक्क्याण्णव गेलाय. गाडी परत फिरवता येत नाही."

"मग कळून काय उपयोग, साहेब?" ती म्हणाली. इतक्या दिवसांचा राग त्या एका वाक्यात होता आणि तो त्यांच्यावर काढण्यात अर्थ नाही हेही तिला माहीत होतं. "उद्यापासून बापूंकडं बाकी सहा जण पेले घेऊन बसतील. आदेश माझा होता, मीच रद्द करतेय. सगळे लाल होऊ देत. सत्कार रद्द करा. मला निलंबित करायचं तर त्याचा रकाना असेलच तुमच्याकडे."

गाडी यायला तासभर लागला. तेवढ्या वेळात तिनं भांडारपालाची जावक वही उघडली आणि लिहिलं: 'स्टील पेला, नाव कोरलेला, नग एक. लाभार्थी क्रमांक चार यांच्या ताब्यात दिला.' पुढं 'कारण' असा रकाना होता. तिनं थोडा विचार करून लिहिलं, 'वापरासाठी.' आणि सही केली.

पेला तिनं रंगाच्या हातात दिला. "कुणी विचारलं तर पाणी प्यायचा आहे म्हणून सांग. रोज सहाला फोन करीन. वॉर्डनशी भांडीन, पण करीन. तीन प्रश्न विचारीन."

"नव्वद दिस?"

"नव्वद."

तो गाडीत चढला. आतला माणूस दार लावून घेत होता, कागदावर खूण करत होता, त्याच्या लेखी हा एक ओसंडलेला नग होता. गाडी सुरू झाली तसं सुलभाला एकदम वाटलं की रंगाचं आत पुन्हा ठरलं असेल का, पुन्हा सगळं गप झालं असेल का. तिनं टॅब उघडला नाही. तिचा त्या आकड्यावरचा विश्वास उडाला होता.

खिडकीच्या गजांमधून रंगानं हात बाहेर काढला आणि मनगट तिच्याकडे फिरवलं. नऊच्या नऊ ठिपके लाल होते.

"आक्का, सुरू झालं बघ पुन्हा," तो ओरडला.

"बरं झालं," ती म्हणाली आणि गाडी वळेपर्यंत त्या लाल ठिपक्यांकडे बघत उभी राहिली.